शाळेच्या जुन्या बसला नव्या सीट बसवताना

‘शाळेची जुनी बस घेतली आहे. अष्टविनायक, पंढरपूर, गाणगापूर अशा सहली करायच्या आहेत. सीट कुठल्या बसवू? पुशबॅक की साध्या? फोम किती इंची?’ अशा धाटणीचे प्रश्न वाचकांकडून वारंवार येतात. विचारणारे कधी छोटे टूरवाले असतात, कधी ज्येष्ठ नागरिक संघ, कधी भजनी मंडळ, कधी नाट्यसंस्था. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात फोमपासून होते. खरे तर फोम सर्वांत शेवटी बघायची गोष्ट आहे. प्रवासी कंबर धरून उतरतो, त्याला बहुतेक वेळा गादी जबाबदार नसते. पुढची सीट गुडघ्याला लागत असते, पाय नीट टेकत नसतात, नाहीतर तो मागच्या चाकांच्याही मागे बसलेला असतो. यांतली एकही अडचण महागड्या फोमने सुटत नाही.

म्हणून आधी कागदपत्रे, मग अंतर, मग उंची, मग पाया, आणि त्यानंतर गादी व कापड, असा क्रम इथे ठेवला आहे. तुम्हीही तोच ठेवा.

गाडीला पाना लावण्याआधी आरटीओ

सीट बदलणे म्हणजे घरातला सोफा बदलणे नव्हे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीमधली माहिती मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

शाळेच्या बसच्या बाबतीत फक्त सीट बदलत नाहीत. आसनसंख्या बदलते, गाडीचा वापर बदलतो, परमिट बदलते, कर बदलतो आणि पिवळा रंगही बदलावा लागतो. यातली प्रत्येक गोष्ट कागदावर यायला हवी. तेव्हा:

- आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आधी घ्या.
- वाहनातील बदलासाठी ‘परिवहन’ संकेतस्थळावरून अर्ज करा आणि आरटीओची लेखी परवानगी हातात आल्यावरच काम सुरू करा.
- काम झाल्यावर गाडी तपासणीला न्या, आरसीत नवी आसनसंख्या नोंदवून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आरसीवर 32 आणि गाडीत 36 अशी तफावत अपघातानंतर उघड झाली, तर विम्याच्या दाव्यावर वाद ठरलेला आहे.
- गाडीचे वय बघा. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. बारा वर्षांच्या गाडीत भारी सीट घालण्याआधी ती आणखी किती वर्षे रस्त्यावर राहणार, याचा हिशेब करा.

‘आधी बसवून घ्या, पासिंगचे आम्ही बघतो’ असे सांगणारा एजंट किंवा गॅरेजवाला हमखास भेटतो. पासिंग झाले नाही तर सीट तुमच्या अंगावर पडतात, त्याच्या नाही.

लिलावात घेतलेल्या जुन्या सरकारी बसबद्दलही काही जण विचारतात. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू ठेवता येत नाही. अशी बस वाचनालय, उपाहारगृह किंवा मुलांचे खेळघर म्हणून एका जागी उभी करा. तिथे सोफा ठेवा नाहीतर सतरंजी अंथरा. प्रवासी न्यायचे मात्र विसरा.

बसणारे कोण आणि किती तास?

हा प्रश्न विक्रेता विचारत नाही, म्हणून तुम्हीच स्वतःला विचारा. दीड-दोन तासांच्या फेऱ्यांसाठी, म्हणजे लग्नाचे वऱ्हाड किंवा कारखान्याची पाळी यांसाठी, उंच पाठीची साधी पक्की सीट पुरते. दिवसभराची सहल असेल तर पाठ थोडी कललेली हवी आणि हात टेकायला जागा हवी. रात्रीचा प्रवास असेल तरच पुशबॅकचा विचार करा. प्रवासी साठीच्या पुढचे असतील, तर उठताना धरायला समोर भक्कम दांडी आणि वर उचलता येणारा हाताचा टेकू या दोन गोष्टी पुशबॅकपेक्षा जास्त कामाच्या. दर दोन तासांनी गाडी थांबवावीच लागणार असते. अशा वेळी सीट किती मागे जाते यापेक्षा तिच्यातून उठता किती सहज येते, हे महत्त्वाचे.

नाट्यसंस्थांसाठी एक सूचना: प्रयोग संपवून रात्री दोनला निघणाऱ्या मंडळींना आडवे व्हायचे असते, हे मान्य. पण सीटच्या जागी गॅरेजमधून फळ्या ठोकून बर्थ करून घेऊ नका. शयनयान बससाठी वेगळे मानक आहे, एआयएस-119. शाळेच्या बसच्या सांगाड्यात केलेला घरगुती बर्थ त्यात बसत नाही. खिडकीकडे पाठ करून बसायच्या आडव्या बाकांचेही तसेच. गप्पांना छान, पण जोरात ब्रेक लागला की आडव्या बाकावरचा माणूस कुशीवर फेकला जातो आणि त्याला अडवायला काहीच नसते.

खडूने आखून बघा

जुन्या सीट काढल्या की गाडी एक दिवस मोकळी ठेवा. मोजपट्टी, खडू आणि दोन माणसे घेऊन आत जा. गाडी आरामदायी होणार की नाही, हे त्याच दिवशी ठरते.

आधी लांबी. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीवरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर मोजायचे. दोन सीटमधली मोकळी जागा मोजू नका. पाठ जाड असली की ती फसवते. चालकाच्या मागच्या आडोशापासून शेवटच्या ओळीच्या पाठीपर्यंत तुम्हाला साडेसहा मीटर मिळतात असे धरा. टू बाय टू मांडणीत त्याचे गणित असे होते:

- दहा ओळी, 40 प्रवासी: ओळींतले अंतर 65 सेंटिमीटर
- नऊ ओळी, 36 प्रवासी: अंतर सुमारे 72 सेंटिमीटर
- आठ ओळी, 32 प्रवासी: अंतर सुमारे 81 सेंटिमीटर

मोठ्या माणसाचे कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंतचे अंतर साधारण 55 ते 60 सेंटिमीटर असते. त्यात सीटच्या पाठीची जाडी मिळवा. 65 च्या मांडणीत उंच माणसाचे गुडघे पुढच्या सीटला टेकणारच. एक ओळ कमी केली की प्रत्येक ओळीला सात सेंटिमीटर मिळतात. हा सगळ्यांत स्वस्त आराम आहे, आणि नेमका हाच घ्यायला कोणी तयार होत नाही. चार तिकिटे बुडतात हे खरे. पण कंत्राटी प्रवासी गाडीचा कर आसनसंख्येवर असतो आणि विम्याच्या हप्त्याचा एक भागही प्रवासीसंख्येवर ठरतो, म्हणजे तिथे थोडी बचत होते. शिवाय गाडी दरवेळी चाळीसही सीट भरून निघते का? मागच्या हंगामातले हिशेब काढून बघा. माझे मत विचाराल तर दिवसभराच्या सहलीला 72, रात्रीच्या प्रवासाला 80 च्या आसपास, आणि 65 ला फक्त जवळच्या फेऱ्या.

आता रुंदी. आतली रुंदी 2.20 मीटर असेल आणि दोघांची सीट 90 सेंटिमीटरची असेल, तर दोन्ही बाजूंच्या सीट मिळून 180 जातात आणि मधल्या वाटेला 40 उरतात. त्यात हाताचे टेकू वाटेत आले की वाट आणखी अरुंद होते. कॅटलॉगमधली रुंदी टेकूसह आहे की टेकू सोडून, हे विचारून घ्या. गाडी अरुंद असेल तर टू बाय टू कोंबण्यापेक्षा टू बाय वन करा. शाळेच्या बसमधली थ्री बाय टू मांडणी मुलांच्या खांद्यांसाठी असते. मोठ्यांच्या गाडीत तिचा विचारही नको.

रुंदी, अंतर आणि मधली वाट यांची किमान मापे बस बॉडी कोडमध्ये, म्हणजे एआयएस-052 मध्ये, बसचा प्रकार आणि दर्जा यांनुसार दिलेली आहेत. साधी, सेमी-डीलक्स, डीलक्स आणि एसी डीलक्स असे दर्जे त्यात आहेत. तुमची गाडी कशात मोडते हे आरटीओत विचारून ती मापे लेखी घ्या. कोडमधले माप म्हणजे त्याखाली जायचे नाही अशी रेषा. तिथे आराम सुरू होतो असे समजू नका.

आखताना आणखी या गोष्टी बघा:

- चाकावरचा फुगवटा. त्यावर सीट आली की प्रवाशाचे गुडघे छातीशी येतात. शक्य असेल तर तिथे ओळ पुढेमागे सरकवा. नाहीच जमले तर ती जागा सामानाला द्या.
- मागच्या चाकांच्या मागचा भाग. गतिरोधकावर सर्वांत जास्त उसळी इथेच बसते, कारण गाडी मागच्या आसाच्या पलीकडे लोंबलेली असते. चांगल्या जागा दोन आसांच्या मधल्या. कंबर दुखणाऱ्या किंवा गरोदर प्रवाशाला मागची सीट विकू नका.
- खिडकीचा खांब. सीट अशी आली की प्रवाशाच्या डोळ्यांसमोर खांब, तर बाहेर दिसत नाही. घाटात बाहेर न दिसणाऱ्याला मळमळते. खूप उंच पाठीच्या सीटही शाळेच्या बसच्या बुटक्या खिडक्यांसमोर भिंतीसारख्या उभ्या राहतात.
- संकटकालीन दार आणि खिडक्या. यांच्यासमोर सीट, सामान किंवा पाण्याचे कॅन, काहीही नको. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली, पेटली आणि 25 प्रवासी गेले. वाचले ते काच फोडून बाहेर पडलेले. सीटचा नकाशा आखताना ‘बस डाव्या कुशीवर पडली तर हे लोक कुठून निघतील?’ हा प्रश्न प्रत्येक ओळीसाठी विचारा.

उंची, खोली, पाठ

शाळेच्या बसची जमीन आणि सीटचे पाय मुलांच्या हिशेबाने केलेले असू शकतात. त्याच पायांवर नवी गादी टाकून काम भागवू नका. मोठ्यांसाठी जमिनीपासून बैठकीची उंची 40 ते 45 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवतात. आपल्याकडच्या बायकांचा, विशेषतः वयस्क बायकांचा विचार करून 40 च्या जवळ राहिलेले बरे. बैठक उंच झाली की तळवे पूर्ण टेकत नाहीत, सीटची कड मांडीखाली दाबते आणि संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. खूप खाली गेली की गुडघेदुखीवाल्याला उठवत नाही. एक-दोन ओळींपुढे पाय ठेवायची घडीची पट्टी बसवून घेता येते.

बैठकीची खोली बघायला सोपी युक्ती: पाठ पूर्ण टेकून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. मावत नसतील तर बुटका प्रवासी पाठ टेकण्यासाठी मागे सरकतच नाही, आणि मग कंबरेचा आधार कितीही चांगला असो, तो त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पाठीत कंबरेपाशी थोडा फुगवटा हवा, पण योग्य जागी. बऱ्याच स्थानिक सीटमध्ये तो इतका वर असतो की पाठीच्या मधोमध टोचतो. डोक्याचा आधार मानेला ढकलणारा नको. अंबाडा घालणाऱ्या बायकांना पुढे आलेला उशीसारखा भाग फार त्रास देतो. नमुना सीट बघायला जाताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बघायला सगळे पुरुषच जातात. घरातली सर्वांत बुटकी मावशी आणि सर्वांत उंच पुतण्या, दोघांनाही बरोबर न्या. पाच मिनिटे बसून ‘छान आहे’ म्हणू नका. अर्धा तास बसा.

पुशबॅक घ्यावी का?

ओळींतले अंतर 72 पेक्षा कमी असेल तर घेऊ नका. पुढचा मागे कलला की मागच्याच्या मांडीवर येतो आणि भांडण सुरू होते. त्यापेक्षा थोडीशी कललेली, न हलणारी पाठ बरी. अंतर पुरेसे असेल आणि रात्रीचा प्रवास असेल तर घ्या, पण हे तपासा:

- कलण्याची मर्यादा ठरवून घेता येते का.
- खटका वाटेच्या बाजूने आणि खिडकीच्या बाजूने, दोन्हीकडून हाताला येतो का.
- शेवटच्या ओळीमागे कलायला जागा राहते का.
- सुटे भाग कुठे मिळतात. पुशबॅक सीटची पहिली तक्रार खटक्याची येते. तो बदलायला पुण्या-मुंबईला जावे लागणार असेल तर दोन-चार जादा खटके सीटबरोबरच विकत घ्या.

पुशबॅक सीट साध्या सीटपेक्षा जड असते. एका सीटचे वजन विचारा, संख्येने गुणा आणि जुन्या सीटच्या वजनाशी ताडून बघा. रिकाम्या गाडीचे वजन वाढले तर ते आरसीवरच्या वजनाशी जुळवावे लागते.

सीट कशावर उभी आहे?

इथे काटकसर चालणार नाही. ब्रेक लागतो तेव्हा प्रवाशाचा आणि सीटचा सगळा भार जमिनीतल्या बोल्टवर येतो. त्या वेळी सीट उपटून पुढे गेली तर उत्तम फोमही पुढच्या माणसाच्या पाठीवर आपटतो. सीट नुसत्या प्लायवूडवर किंवा वरच्या पत्र्यावर बसवू नका. बोल्ट जमिनीखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांत गेला पाहिजे, खाली जाड प्लेट हवी आणि सहज ढिला न होणारा नट हवा. जुन्या बसमध्ये प्लायवूड उचलून आतला गंज बघा. जुनी छिद्रे नव्या सीटला जुळत नाहीत म्हणून जवळच दुसरी पाडली, तर दोन छिद्रांमधला पत्रा कमजोर होतो.

आपल्याकडे सीट, तिची जोडणी आणि डोक्याचा आधार यांच्यासाठी एआयएस-023 हे मानक आहे. चाचण्या पुण्यात एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी या संस्थांत होतात. विक्रेत्याला त्या मॉडेलचे चाचणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक सीटवरच्या क्रमांकाशी जुळवा. ‘सगळे आमच्याच सीट वापरतात’ हे प्रमाणपत्र नव्हे. सीटला पट्टा हवा असेल तर पट्ट्यासह तपासलेलीच सीट घ्या. साध्या सीटला नंतर स्क्रूने लावलेला पट्टा नुसता दिसायला असतो, कारण त्याचा भार झेलण्यासाठी ती चौकट बनवलेलीच नसते.

आता फोम आणि कापड

फोमची जाडी विचारण्याऐवजी घनता विचारा. बाजारात 32, 40 असे आकडे सांगतात. ते दर घनमीटरला किती किलो याचे असतात. रोज चालणाऱ्या गाडीच्या बैठकीला 40 किंवा त्याहून वरचा घ्या. पाठीला त्यापेक्षा हलका चालतो. साच्यात ओतलेला फोम कापून चिकटवलेल्या फोमपेक्षा जास्त काळ आकार धरतो. दुकानात बसताक्षणी आत रुतणारी सीट आवडते, पण तीच दोन तासांत लोखंडी पट्टीची जाणीव करून देते. थोडी घट्ट सीट निवडा.

कापडाचा निर्णय एसीवर अवलंबून आहे. बिगर-एसी गाडी विदर्भ-मराठवाड्यात 45 अंशांच्या उन्हात उभी राहणार असेल, तर रेक्झिनवर बसवत नाही, पाठ घामाने चिकटते. मखमली कापड धूळ धरते आणि उलटी झाली की वास जात नाही. मधला मार्ग म्हणजे बसायच्या भागाला जाड विणीचे कापड आणि कडा व मागच्या बाजूला रेक्झिन, वर चेन लावलेली, काढून धुता येणारी खोळ. रंग फार गडद नको, उन्हात तापतो.

आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे मानक आहे. फोम आणि कापड या दोन्हींसाठी त्याचे प्रमाणपत्र बिलाबरोबर मागा. नंतर खोळी बदलाल तेव्हाही हेच बघा. पेठेतून स्वस्त कापड आणून शिवलेल्या खोळींनी मूळ प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही.

भंगारातल्या सीट

चांगल्या कंपनीच्या जुन्या सीट नव्या, निनावी सीटपेक्षा बऱ्या असू शकतात. पण अपघातग्रस्त गाडीतून आलेल्या सीट घेऊ नका. चौकट सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का बघा, वेल्डिंगवर नवा रंग मारलेला दिसला तर कारण विचारा, पायांजवळचा गंज खरवडून बघा. सगळ्या सीट एकाच मॉडेलच्या हव्यात. तीन गाड्यांतल्या सीट एकत्र केल्या की छिद्रे, उंची आणि अंतर, सगळेच बिघडते.

ऑर्डर देताना आणि नंतर

सगळा माल मागवण्याआधी एकच नमुना सीट आणून गाडीत बसवा आणि खराब रस्त्यावरून एक फेरी मारा. जुन्या पाट्यांच्या कमानी (लीफ स्प्रिंग) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले असतील तर ते त्या फेरीत कळेल. तसे असेल तर सीटचे बजेट थोडे कमी करून आधी त्यांचे काम करा.

ऑर्डर लेखी द्या. त्यात हे असू द्या:

- सीटचे मॉडेल, संख्या, रुंदी, फोमची घनता, कापडाचा प्रकार
- ओळींतल्या अंतराचा सहीचा नकाशा
- प्रमाणपत्रांच्या प्रती
- चौकट, फोम आणि खटका यांची वेगवेगळी वॉरंटी
- काम पूर्ण करायची तारीख आणि हप्ते. शेवटचा मोठा हप्ता आरटीओ तपासणीनंतर

जीएसटीचे पक्के बिल घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ यात वाचतात ते चार-दहा टक्के, आणि जातो तो तक्रारीचा आधार.

सदोष माल मिळाला तर आधी विक्रेत्याला फोटोंसह लेखी कळवा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला लागू होत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून एखादी गाडी चालवणारा माणूस त्या कायद्याखाली ग्राहकच असतो. संस्था, ट्रस्ट किंवा कंपनीच्या नावाने खरेदी असेल तर तक्रारीआधी वकिलाचा सल्ला घ्या. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते, म्हणून सीट बसवल्याची तारीख आणि पहिल्या तक्रारीची तारीख दोन्ही कागदावर असू द्या.

आणि तुम्ही गाडी विकत न घेता सहलीसाठी अशी बदललेली बस भाड्याने घेत असाल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी आरसीवरची आसनसंख्या विचारा, आत चढून सीट मोजा, फिटनेस आणि विमा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून बघा. आकडे जुळले नाहीत तर दुसरी गाडी शोधा.